तांडेल

ऑगस्ट २०२४. पावसाने उघडीप दिली होती म्हणून वाडीत पडलेली झापं ओढून एका जागी लावत होतो. तेवढ्यात पुतण्याने फोनवर फोटो पाठवला. खाली एकच ओळ : "काका, तुमची फेवरलुबा परत आली."

हात लेंग्याला पुसले, चष्मा शोधला, फोटो मोठा केला. घड्याळ देखणं होतं, हे आधीच कबूल करून टाकतो. केस पूर्ण गोल नाही, उशीसारखी कडांना फुगलेली. तबकडीवर उठावाची बारीक नक्षी. पट्टा पोलादी, केसला बेतून लावलेला. नाव 'चीफ'. नुसतं 'चीफ'. मी दोन बोटांनी फोटो आणखी ताणला. 'सी' कुठे गेला? खाली असेल, कडेला असेल, म्हणून पाहत राहिलो. कुठेच नव्हता.

घड्याळ काढणाऱ्या कंपनीतल्या लोकांना माझ्या या शोधाचं हसू येईल. त्यांच्या नव्या मालिकांत समुद्र आहे की. एकीचं नाव 'सी-स्काय' आहे, दुसरीचं 'डीप'. पण आमच्या घरात गेली साठ वर्षं जे आहे ते 'सी चीफ' आहे, आणि त्या 'सी'वर आमचा हक्क आहे असं आम्हाला उगाचच वाटत आलं आहे.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते १९६५ साली घेतलं. वर्ष पक्कं आठवायचं कारण, पुढच्याच जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि आप्पा त्यानंतर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, की एक वर्ष थांबलो असतो तर मनगट रिकामंच राहिलं असतं. तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड झालं ते १९८१ मध्ये. आप्पा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क. जहाजातून उतरणाऱ्या पेट्या मोजायच्या, वहीत पाचापाचाच्या रेघा मारायच्या, आणि शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरून रेवस गाठायचं. तिथून एसटीने अलिबाग, अलिबागहून आमचं आक्षी. लाँच चुकली की अर्धा रविवार गेला. म्हणून घड्याळ ही माझी गरज होती, असं ते म्हणत. आई म्हणे, गरजेला एचएमटी पुरलं असतं.

आईचं बरोबर होतं. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ मध्ये बंगळूरला मनगटी घड्याळं बनवायला घेतली होती आणि गोदीतले पुष्कळ जण त्यांच्यासाठी नंबर लावून बसले होते. आप्पा बसले नाहीत. दोन पगार आणि एक बोनस घेऊन फोर्टातल्या एका दुकानात गेले आणि फेवरलुबा बांधून बाहेर आले. फाव्र-ल्युबा, हायफन मध्ये, दोन घराण्यांची दोन नावं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आमच्याकडे तो एकच शब्द होता, स्त्रीलिंगी. 'आप्पांची फेवरलुबा'. घड्याळ ते, पण फेवरलुबा ती.

परदेशी घड्याळ तेव्हा दोन वाटांनी येई. एक लायसन्सची, कागदोपत्री. दुसरी आमच्या दारावरून. अंधाऱ्या रात्री किनाऱ्याला लागणाऱ्या मचव्यांतून सोनं उतरायचं तशी घड्याळंही उतरायची, आणि ती कुठे गेली हे गावात सगळ्यांना ठाऊक असून कुणालाच ठाऊक नसायचं. आप्पांना या दुसऱ्या वाटेचा संशय नको होता. दुकानाचं बिल चार घड्या घालून ते पाकिटात ठेवत. लाँचवर कुणी मनगटाकडे जरा जास्त वेळ बघितलं की हात आपोआप पाकिटाकडे जाई. ते बिल अजून आहे. घड्यांवर फाटलंय, आकडे पुसलेत.

पहिल्या रविवारी घड्याळ बघायला साखरच्या कोळीवाड्यातून आप्पांचे एक जुने सोबती आले. दोघे शाळेत एका बाकावर. त्यांनी घड्याळ हातात न घेता मान वाकडी करून पाहिलं, तबकडीवरचं इंग्रजी वाचायला सांगितलं. आप्पांनी वाचलं, 'सी चीफ'. "म्हणजे?" सी म्हणजे दर्या, चीफ म्हणजे मुख्य. "मंग तांडेल म्हन की सरल!" होडीवर ज्याच्या शब्दाने जाळं पडतं आणि उचललं जातं, तो तांडेल. त्या दिवसापासून घड्याळाचं घरातलं नाव तांडेल. 'तांडेल किती म्हणतोय?' असं विचारायचं. 'तांडेलाला चावी दिली का?' नावापुरती ती फेवरलुबा पुल्लिंगी झाली.

आता त्याचं रूप सांगतो. व्यास पस्तीस मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे आप्पांच्या हडकुळ्या मनगटावर दोन्ही बाजूंनी बोटभर जागा उरे. तबकडी सायीच्या रंगाची. आकडे नव्हते; बाराही जागी पातळ पोलादी रेघा चिकटवलेल्या, बाराच्या जागी दोन. काटे सुईसारखे. लहानपणी मला वाटे की हे घड्याळ अपुरं राहिलंय, कारण शेजारच्या काकांच्या घड्याळात आकडे होते आणि रात्री ते हिरवे दिसायचे. तांडेलात रात्री काहीच दिसत नसे. पण कानाशी धरला की ऐकू येई. सेकंदाला पाच ठोके. मोजायचा प्रयत्न मी कितीदा केला असेल. तीनच्या पुढे जीभ अडखळते.

चावी संध्याकाळी, रेडिओवर बातम्यांच्या आधीचे ठोके पडत तेव्हा. चावी म्हणजे कडेचं ते दातेरी बोंडूक. आप्पा घड्याळ हातातून काढत, पंच्याच्या टोकाने मागची बाजू पुसत, कारण घाम आणि खारी हवा पोलादालाही सोडत नाही, आणि अंगठा-तर्जनीत चावी धरून पुढे-मागे, पुढे-मागे. आवाज रातकिड्यासारखा. शेवटी चावी घट्ट लागू लागली की थांबायचं. 'अजून एक' म्हणायचं नाही. मला पहिल्यांदा चावी द्यायला मिळाली तेव्हा मी सातवीत होतो, आणि ते त्या वेळी माझ्या बोटांकडे पाहत नव्हते, डोळे मिटून ऐकत होते.

नावात दर्या, आणि पाणी वर्ज्य! ओहोटी असली की लाँचमधून उतरून चिखलातून यावं लागे. अशा वेळी तांडेल मनगटावरून निघे, रुमालात गुंडाळला जाई आणि जेवणाच्या रिकाम्या पितळी डब्यात बसे. डब्याला कडी. डबा डोक्यावर. गुडघाभर पाण्यातून पायजमा वर खोचलेले आप्पा येताहेत आणि डोक्यावरच्या डब्यात घड्याळ टिकटिकतंय. पट्ट्याला कधी कधी सुकटीचा वास येई.

आईला घड्याळाची गरज नव्हती. आमच्या किनाऱ्यावर पूर्वीपासून भरती काढायची एक रीत आहे : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला, अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. पुढचे सहा तास ओहोटी. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर अष्टमी-नवमीची दुपार बघायची, हे अलिबागच्या शाळकरी पोरालाही कळतं. आई कालनिर्णयवर एक नजर टाकी, बोटांची पेरं मोजी आणि सांगे. आप्पा तांडेल बघून सांगत. दोघांत दहा-पंधरा मिनिटांचा फरक निघाला की समुद्र आईच्या बाजूने निकाल देई. आप्पा चिडत नसत. "तांडेल मुंबईच्या वेळेवर चालतो," म्हणत.

कंपनीचा इतिहास मी पुढे मन लावून वाचला. प्रेमात पडलेला माणूस मुलीच्या आजोळची चौकशी करतो तसा. स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावात आब्राहाम फाव्रने १७३७ मध्ये घड्याळं करायला घेतली. त्या वर्षी इकडे चिमाजीअप्पांनी वसईची मोहीम काढली होती आणि आमच्या शेजारच्या रेवदंड्यावर अजून पोर्तुगीजांचं निशाण होतं. ल्युबा हे नाव १८१५ मध्ये जोडलं गेलं. १८६० च्या दशकात त्यांचा माणूस हिंदुस्थानात आला, मुंबईत बस्तान बसलं, आणि पुढची शंभर वर्षं मुंबई हे त्या घराचं जणू दुसरं माहेर झालं. १९६२ मध्ये त्यांनी 'बिवूआक' नावाचं घड्याळ काढलं, ज्यात हवेचा दाब मोजून उंची सांगणारं यंत्र बसवलेलं होतं. त्याच दशकात पाण्याची खोली दाखवणारं 'बाथी' आलं. सी चीफमध्ये यातलं काहीच नव्हतं. तो वेळ सांगे. बस. मग जपानी क्वार्ट्‌झची लाट आली, १९८० च्या दशकात कंपनी घराण्याच्या हातातून गेली, आणि या हातातून त्या हातात फिरत राहिली.

आमच्याकडेही तेच. आप्पा निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी निरोपाला सोनेरी क्वार्ट्‌झ घड्याळ दिलं. त्याला चावी द्यावी लागत नव्हती. तांडेल कपाटाच्या खणात, जुन्या चष्म्याच्या डबीत गेला. आप्पा २००९ मध्ये गेले, तोवर तो तिथेच होता.

२०११ मध्ये बातमी आली की टाटांच्या टायटनने फेवर-ल्युबा विकत घेतली. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. आप्पांच्या गोदीत ज्यांच्या पेट्या उतरायच्या त्या साहेबाच्या देशातली कंपनी होसूरच्या कारखानदारांनी घ्यावी! आणि टायटन म्हणजे कोण, तर २००२ मध्ये साडेतीन मिलिमीटर जाडीचं 'एज' बनवणारे. जगातलं सगळ्यात सडपातळ म्हणून त्याचं नाव झालं होतं. ज्यांना बारीकपणाचं मोल कळतं अशा घरी मुलगी पडली, असं वाटलं.

त्या आनंदाच्या भरात मी एक उद्योग केला. तांडेल डबीतून काढला आणि मुंबईतल्या एका घड्याळजीकडे नेला. तबकडीवर दमटपणाचे तपकिरी डाग आले होते, बाराजवळची एक रेघ सुटून काचेखाली फिरत होती. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, म्हणाला, मशीन एकदम ओके, सतरा ज्वेल, ऑइलिंग केलं की पळेल. आणि डायल? "डायल नवाकोरा करून देतो साहेब. ओळखणार नाही तुम्ही."

नाही ओळखला. पंधरा दिवसांनी डबी उघडली तर आत मोरपिशी निळी तबकडी. त्यावर पांढऱ्या रंगात नाव छापलेलं, जरा डावीकडे कललेलं, आणि 'जिनिव्हा'च्या स्पेलिंगमधलं एक अक्षर गळालेलं. काट्यांना तांबडी टोकं. बाराच्या जागची दुहेरी रेघ जाऊन तिथे एक त्रिकोण. घड्याळजी अभिमानाने बघत होता आणि त्याचा अभिमान खोटा नव्हता. असा माल त्याच्याकडून परदेशात जातो, लोक हौसेने मागवतात, असं त्याने सांगितलं. जगभरचे घड्याळवेडे अशा रंगवलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणून नाकं मुरडतात, हे मला नंतर कळलं. जुनी तबकडी? "ती घासून त्याच्यावरच केलाय ना साहेब." म्हणजे साय खरवडून टाकली होती. मी पैसे दिले. आईला दाखवलं नाही. तांडेल पुन्हा खणात.

हे सांगतोय अशासाठी, की पुढे जे म्हणणार आहे ते म्हणताना माझे हातही निळ्या रंगाने माखलेले आहेत.

टायटनच्या काळातली फेवर-ल्युबा २०१६-१७ पासून बाजारात दिसू लागली. मालिकेचं नाव 'रेडर'. म्हणजे धाड घालणारा. आमच्या तांडेलाच्या कुळात धाड घालणारा! 'रेडर बिवूआक ९०००' नऊ हजार मीटरपर्यंत उंची सांगायचं. एव्हरेस्टवर उभं राहिलं तरी वर दीडशे मीटर शिल्लक. 'रेडर बाथी' एकशेवीस मीटरपर्यंत खोली मोजायचं; आमच्या मापात पासष्ट वाव. 'रेडर हार्पून'ला एकच मोठा काटा आणि तासांसाठी फिरती कडी. कारागिरी अव्वल होती, त्याबद्दल दुमत नाही. यंत्राच्या जोरावर हवेचा दाब मनगटावर वाचणं ही थट्टा नव्हे. पण केसचा व्यास अठ्ठेचाळीस मिलिमीटर! मुंबईच्या दुकानात मी एकदा ते मनगटावर ठेवून पाहिलं. मनगटाच्या दोन्ही बाजूंनी ते बाहेर आलं, सोप्यात ठेवलेला पाटा जसा वाट अडवतो तसं. किंमत लाखांत. विक्रेता मुलगा सौजन्याने बोलत होता. सर डायव्हिंग करता का? ट्रेकिंग? मी म्हटलं, अलिबागला राहतो. समोर किल्ला आहे, ओहोटीला लोक घोडागाडीतून जातात.

अवजड घड्याळाचा मला राग नाही. ज्याला पेलतं त्याने घालावं. माझी तक्रार एवढीच, की 'एज' करणाऱ्या घराने, ज्याला न दिसण्याची कला येत होती त्याने, या नावाशी ती कला वापरली नाही. जुन्या फेवरलुबाचा मोठेपणा उंची-खोलीच्या विक्रमांत होता असं त्यांनी धरलं. विक्रमी घड्याळं काही गिर्यारोहकांच्या, पाणबुड्यांच्या हाती होती. नाव चाललं ते टॅली क्लार्कांवर, हेडमास्तरांवर, एसटीच्या कंट्रोलरांवर. लग्नात सासऱ्याने जावयाला घातलेल्या घड्याळांवर. हे गिऱ्हाईक एकदाच यायचं. आयुष्यात एकदा. कंपनीच्या हिशेबात ते तोट्याचंच.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारी वारा फिरला आणि पुढच्या तीन-चार तासांत माझ्या वाडीतल्या पोफळी काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या. आजोबांनी लावलेले नारळ मुळासकट गेले. कौलं उडाली. त्या दिवसाबद्दल मी फार बोलत नाही. एकच सांगतो, कारण ते घड्याळाशी आहे : दाब उतरत होता तेव्हा कानाचे दडे बसत होते, आणि मला त्या १९६२ च्या बिवूआकची आठवण झाली. ते हातात असतं तर काटा वर सरकत गेला असता, कारण हवा हलकी झाली की त्याला वाटतं आपण चढतोय. घरात कोनाड्याजवळ आईला धरून बसल्या बसल्या त्याने आम्हाला एखादी टेकडी चढवली असती.

नंतर कित्येक दिवस वीज नव्हती. मोबाइल मेले. भिंतीवरच्या क्वार्ट्‌झ घड्याळात पाणी शिरलं. निरोपाच्या सोनेरी घड्याळाचा सेल कधीच संपला होता, आणि सेल मिळायला दुकान कुठे उघडं होतं? तिसऱ्या संध्याकाळी आईने खण उघडून चष्म्याची डबी काढली. निळी तबकडी तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिली. माझ्याकडे बघितलं. काही म्हणाली नाही. अंगठा-तर्जनीत चावी धरून पुढे-मागे, पुढे-मागे, आणि कानाशी नेला.

चालू होता.

महिनाभर आमच्या घरात आणि शेजारच्या चार घरांत तांडेलाची वेळ चालली. पंचनाम्याला तलाठी यायचे ते तांडेलावर, टँकर यायचा तो तांडेलावर. कुणी निळ्या रंगाला हसलं नाही. कुणाला वेळच नव्हता.

वीज आली, आणि वर्षभरात घड्याळ पुढे पळू लागलं. दिवसाला सात-आठ मिनिटं. अलिबागच्या बाजारातल्या म्हाताऱ्या घड्याळजीने एक होकायंत्र त्याच्याजवळ नेलं, सुई थरथरली. "चुंबक लागलंय. कुठे ठेवता?" फोनच्या स्टँडशेजारी. त्या स्टँडमध्ये लोहचुंबक असतो. आतली बालकमानी, केसाएवढ्या तारेची ती गुंडाळी, चुंबकाने स्वतःलाच चिकटते, आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावत सुटतं. त्याने चुंबक उतरवणाऱ्या यंत्रावरून घड्याळ दोनदा फिरवलं. पैसे घेतले नाहीत. "तुम्ही तर वेधशाळेच्या गावचे," म्हणाला.

खरंच की. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नाजूक चुंबकी उपकरणांना त्या विजेचा त्रास होणार हे उघड होतं. शांत जागेचा शोध सुरू झाला आणि अलिबाग ठरलं. १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी इथे घेतल्या जातात. इमारत बांधताना लोखंड वापरलेलं नाही. मुंबईच्या गोंगाटातून एक बारीक थरथरणारी सुई वाचवायची, तर ती खाडीपलीकडे आमच्याकडे आणून ठेवायची, असा तो व्यवहार होता.

आता मुंबई स्वतःच येते. मार्च २०२० मध्ये मांडव्याला रो-रो लागली. शनिवारी सकाळी तिच्या पोटातून एकामागून एक गाड्या उतरतात. ज्या वाड्यांत निसर्गने पोफळी पाडल्या त्यातल्या कितीतरी पुन्हा लागल्याच नाहीत. तिथे उंच भिंती आहेत, भिंतीआड निळ्या पाण्याचे तलाव. समुद्र दोनशे पावलांवर असताना तलाव! आणि निळा तोच, मोरपिशी. मला त्या निळ्याची ओळख आहे. त्या लोकांच्या मनगटांवर मी पुष्कळ घड्याळं पाहिली, मोठमोठी, झगझगीत. त्यांना लाँच पकडायची नसते.

टायटननेही फेवर-ल्युबा ठेवली नाही. २०२३ मध्ये ती भारतातल्याच दुसऱ्या, महागड्या घड्याळांच्या व्यापारात असलेल्या घराकडे गेली, आणि पुढच्या ऑगस्टअखेर जिनिव्हात नवी मालिका आली. पुतण्याने धाडलेला फोटो तो. या वेळी आकार आवरलाय. चाळीसेक मिलिमीटर. अठ्ठेचाळीसवरून खाली आले, म्हणजे कुणीतरी मनगट मोजलं. जुन्या नावांची आठवणही ठेवली आहे. मुलाने पहिल्या बढतीच्या पैशातून ते मला घ्यायचं ठरवलं, म्हणून आम्ही दोघे रो-रोने मुंबईला गेलो. मी काउंटरवर हात ठेवला. दुकानातल्या मुलीने पट्टा बंद केला. वजनदार, गार, सुबक. सेकंदकाटा घरंगळल्यासारखा सरकत होता. कानाशी धरला, दुकानातल्या संगीतात काही ऐकू आलं नाही.

"सर, तुमच्या कलेक्शनमध्ये आधी कुठली आहेत?" तिने विचारलं.

मी मुलाकडे बघितलं. तो बूट बघत होता. "एक आहे," मी म्हटलं. तिला वाटलं मी पहिल्याबद्दल सांगतोय. ती दुसऱ्या, तिसऱ्याची वाट बघत थांबली. चांगली मुलगी होती. वाईट काहीच नव्हतं तिथे, हीच पंचाईत. घड्याळ उत्तम, किंमत लाखाच्या वर असली तरी त्या जगात वाजवी, नावही तेच. मी त्यात आप्पांना शोधत होतो आणि तिथे एक नीटनेटका, व्यायाम केलेला, कुणाचाही न वाटणारा मनुष्य उभा होता. त्याच्याकडे असली सात घड्याळं असणार. त्याने कुठलंच कधी डब्यात घालून डोक्यावर नेलं नसणार.

घड्याळ काढून दिलं. मुलगा परतीच्या बोटीवर थोडा नाराज होता. मी त्याला म्हटलं, त्या पैशात विहिरीचा पंप बदलू.

आक्षीच्या रस्त्याकडेला एक शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. वर चंद्र आणि सूर्य कोरलेत, खाली ओळी, जागोजागी झिजलेल्या. लहानपणी आम्ही त्यावर चढून बोरं खायचो. अक्षरं ओळखीची वाटतात आणि वाचायला गेलं तर निसटतात. सुदैवाने त्यांना कुणी रंग दिला नाही.

त्या संध्याकाळी मुंबईहून घरी आलो तेव्हा आई ओट्यावर बसली होती. समोर सुरूच्या झाडांपलीकडे पाणी चढत असल्याचा आवाज. विकत घेतलं का, असं तिने विचारलं नाही. माझं मनगट बघून तिला कळलं.

"आज तिथी काय?" मी विचारलं.

"अष्टमी." तिने पेरं मोजली. आठ, पाऊणपट. "सहा. विचार तुझ्या तांडेलाला."

मी डबी उघडली. निळ्या तबकडीवर तांबड्या टोकांचे काटे सहाला दहा कमी दाखवत थांबले होते. सकाळचे की कालचे कुणास ठाऊक.

"दहा कमी म्हणतोय," मी म्हटलं.

"मग चावी दे," आई म्हणाली.